गळ्यात टाय की कडेवर लेकरू

आमच्या पुलगावच्या घराचा पुढचा हॉल हॉल म्हणून कुणी कधी वापरलाच नाही. पाहुणे आले तर त्यांना मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी बसावं लागे, कारण हॉलमध्ये दुसऱ्यांची लेकरं झोपलेली असत. आईचं पाळणाघर होतं. नवरा लष्कराच्या डेपोत, बायको शाळेत नाहीतर दवाखान्यात, आणि सासू गावची म्हैस सोडून यायला तयार नाही, अशा घरांतली पोरं सकाळी आमच्याकडे येत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात. मला आठवतं तेव्हापासून आई हेच करत होती. बाबा एका सरकारी ऑफिसात बाबू होते. कुणी विचारलं की ते सांगत, घरी मिसेसचं आपलं छोटंसं काहीतरी चालू असतं. त्या छोट्याशा काहीतरीत आमच्या भागातली निम्मी तरुण पिढी चालायला, बोलायला आणि वेळेवर चड्डी सोडायला शिकली. पण बाबांच्या लेखी त्यांच्या साहेबाच्या टेबलावरची घंटी ही जास्त भरीव गोष्ट होती.

मी मात्र छोट्याशा काहीतरीसाठी जन्माला आलो नव्हतो. माझ्यासाठी मोठं काहीतरी ठरलं होतं आणि ते मामानं ठरवलं होतं. मामा रोहण्याकडच्या एका सरकारी शाळेत मास्तर. माझी बारावी झाली तेव्हा तो आमच्याकडे आला, चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला, "डी.एड. करून टाक. मास्तरकी लागली का जिंदगी बनली समज." मी डी.एड. केलं. विदर्भातल्या सगळ्याच मामांनी आपापल्या भाच्यांना त्या सुमारास हाच सल्ला दिला असावा, कारण आम्ही सगळे पास होऊन बाहेर आलो तेव्हा शाळेत पोरांपेक्षा मास्तर जास्त होतील अशी सरकारला भीती वाटली आणि भरती थांबली. मग पात्रता परीक्षा निघाली. मी ती दिली आणि पात्र ठरलो. आमच्या घरात आधीच भरपूर पात्रं होती, त्यांत एकाची भर पडली.

पुढची काही वर्षं मी भरतीची वाट पाहण्याचं काम केलं. आमच्याकडे ह्या कामाला 'तयारी' म्हणतात. पोरगा रिकामा आहे असं कुणी म्हणत नाही, पोरगा तयारी करून राह्यला असं म्हणतात. मी जाडजूड गाईड घेऊन गच्चीवर बसायचो आणि खाली हॉलमधून लेकरांचा आवाज यायचा. आवाजानं अभ्यास होत नाही, अशी तक्रार मी आईकडे करत असे. अभ्यास तसाही होत नव्हता, पण कारण हाताशी असलेलं बरं.

अशात आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले की डावा गुडघा बदलावा लागेल, आणि त्यानंतर खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे पोळ्या लाटणारीला पोळपाटाला हात लावू नका म्हणण्यासारखं होतं. वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आई घरी आली ती वॉकर धरून. इकडे लेकरांचे आईबाप रोज दारात येऊन आईच्या तब्येतीची चौकशी करू लागले. चौकशी फार आपुलकीची होती आणि तिचा शेवट दर वेळी एकाच प्रश्नावर होई, की मग केव्हापासून पाठवू.

आई पलंगावरून मला म्हणाली, "तसाही बसलाच आहेस. मी उठेपर्यंत लेकरांवर नजर ठेवजो."

माझी नेमणूक झाली ती अशी. मुलाखत नाही, पात्रता परीक्षा नाही, आरक्षण नाही. पोळ्या करायला आणि लेकरांचं धुणं-पुसणं करायला आईच्या हाताखाली एक मावशी होती. ती मला माझ्या चड्डीच्या वयापासून ओळखत होती. मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

पहिल्या दिवशी मी डी.एड.वाल्याला शोभेल असं वागलो. फळा टांगला, रंगीत खडू आणले आणि 'अ अननसाचा' सुरू केलं. दहा-बारा लेकरांपैकी दोघं झोपली, एकानं खडू खाल्ला, आणि उरलेल्यांनी अननस म्हणजे काय हे न विचारता एकमेकांचे केस ओढायला घेतले. दुपारपर्यंत फळा काढून मी गव्हाच्या कोठीमागे ठेवला.

त्या लेकरांत एक मुलगी होती, अडीचेक वर्षांची. नवीनच यायला लागली होती. ती खिडकीपाशी दोन्ही हातांत एकेक चप्पल धरून उभी राही. जेवत नसे, बसत नसे, रडतही नसे. चप्पल खाली ठेवली तर आपल्याला न्यायला कुणी येणार नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं असावं. मी तिला समजावलं, गोष्ट सांगितली, चॉकलेट दाखवलं, थोडं दटावलंही. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला बरे मार्क होते, ते सगळे तिच्यावर खर्च करून झाले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कंटाळलो, दाराबाहेरून माझ्या चपला आणल्या आणि दोन हातांत दोन धरून तिच्या शेजारी उभा राहिलो. काही विचार करून नाही, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चपलांकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या चपला एकेक करून काढून घेतल्या, खाली जोडीनं नीट लावल्या आणि त्यांच्या शेजारी आपल्या ठेवल्या. नंतर ती वरणभात जेवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी मी हललो नाही. पात्रता परीक्षेचा निकाल लागला होता तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखी गोष्ट होती का ती.

सगळ्यांनाच माझी नेमणूक पसंत होती असं नाही. त्या चप्पलवाल्या मुलीची आई बँकेत होती, नाशिककडून बदली होऊन आलेली. पाळणाघरात माणूस आहे हे तिला आठवडाभरानं कळलं. दुसऱ्या दिवसापासून मुलगी येईना. मला राग आला. मग आईनं विचारलं, तुझी पोरगी असती तर तू ठेवली असतीस का, आणि मी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला. त्या दिवसापासून हॉलचं दार दिवसभर उघडं राहू लागलं, आणि लेकरांना धुवायचं, बदलायचं काम मावशीकडेच ठेवलं. पंधरवड्यानं ती बाई मुलीला घेऊन परत आली. आमच्यावर विश्वास बसला म्हणून आली असं म्हणायला छान वाटलं असतं, पण गावात दुसरं पाळणाघर नव्हतं.

आई काठी घेऊन चालायला लागली, आणि नेमकी तेव्हाच माझी खरी नोकरी उगवली. वर्ध्याच्या अलीकडे, हायवेला लागून, एका इंग्रजी शाळेत 'क्लासरूम असिस्टंट' हवे होते. मुलाखतीत मला इंग्रजीतून स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. मी नाव, गाव, शिक्षण आणि वाचनाचा छंद इतकं बोललो आणि थांबलो. प्रिन्सिपल मॅडमनी विचारलं, मुलांची आवड आहे का. मी म्हटलं, घरी बरीच आहेत. लग्न झालेलं नाही हे अर्जात वरच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. पण घेतलं मला. पगाराचं मी इथं बोलत नाही. शाळाही त्याबद्दल फारसं बोलत नसे.

टाय होता, हे महत्त्वाचं. निळा, पिवळ्या पट्ट्यांचा, मागे इलॅस्टिक असलेला. बाबांनी तो पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांची तयारी फळाला आल्याचा आनंद पसरला. संध्याकाळी फिरायला जाताना ते भेटेल त्याला सांगू लागले की मुलगा इंग्लिश मीडियमला लागला. कशावर लागला हे कुणी विचारलं की ते घाईत असत.

मी तिसरीच्या वर्गावर होतो. वर्गाच्या मॅडम शिकवायच्या आणि मी 'सपोर्ट' करायचो. सपोर्ट म्हणजे काय, हे हळूहळू उलगडत गेलं. नखं तपासणं, पेन्सिलींना टोक काढणं, डबा सांडला तर पोछा शोधणं, बोर्डावर थर्माकोलची फुलपाखरं लावणं, आणि बाकीचा वेळ मागच्या भिंतीला टेकून न उभं राहणं. टेकलेलं चालत नसे. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे चाळीसेक पोरं आणि मागे पोर्शन होता, आणि पोर्शन पोरांपेक्षा जोरात धावत होता.

मागच्या बाकावर एक मुलगा होता. बाप कापसाचा व्यापार करायचा, घरी शेती, आणि पोरगं इंग्रजीतून शिकून मोठं व्हावं अशी सगळ्या घराची इच्छा. पोरगं काहीच बोलायचं नाही. विचारलं की खाली बघायचं. पेन्सिल मुठीत धरायचं, लाटण्यासारखी. मॅडमनी मला सांगितलं की ह्याच्याकडे तुम्ही बघा, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की चला, काहीतरी काम मिळालं. मी घरून कणकेचा गोळा नेऊ लागलो, तुरीचे दाणे नेऊ लागलो, सरकीला चिकटलेला कापूस नेला. आमच्या हॉलमध्ये तीन वर्षांची पोरं हे सगळं करत होती. तो कणकेचे साप करायचा, कापसातून सरकी वेगळी करायचा, आणि करता करता हळू आवाजात बोलायचा. त्यांच्या वावरातल्या विहिरीत कासव आहे, हे मला असंच कळलं.

एक दिवस सुपरवायझर राउंडला आल्या आणि त्यांनी बाकावरचा कापूस पाहिला. त्यांनी मला बाहेर बोलावून गोड आवाजात समजावलं की हे बालवाडीचं काम आहे, आपण तिसरीत आहोत. पालकांनी हे बघितलं तर त्यांना काय वाटेल. मी म्हटलं, त्याच्या बोटांत जोर नाही. त्या म्हणाल्या, जोर घरी येईल, इथं सिलॅबस आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात, कापसाच्या व्यापाऱ्याच्या पोराच्या बाकावर कापूस निघाला म्हणून समज मिळालेला मी पहिलाच शिक्षक असेन. शिक्षकही नाही, असिस्टंट.

ह्याच काळात मला मुलगी पाहायला वडनेरला नेलं. शेतीवाली, खाऊनपिऊन सुखी माणसं. बाबा पोहे खाता खाता इंग्लिश मीडियम एवढं दोनदा बोलले. मुलीचे काका वयस्क होते, त्यांना खोलात शिरायची सवय होती. त्यांनी मला विचारलं, कोणता विषय शिकवता. मी म्हटलं, शिकवत नाही, शिकवणाऱ्या मॅडमना मदत करतो. काकांनी जरा विचार केला.

"म्हंजे मास्तर गाडी चालवते," ते म्हणाले, "आन् तुमी कंडक्टर."

सगळे हसले. मीही हसलो, कारण इतक्या कमी शब्दांत माझ्या नोकरीचं वर्णन शाळेलाही जमलं नव्हतं. मग काकांनी विचारलं, घरी आईचं काय चालतं. बाबांनी छोटंसं काहीतरी म्हणायच्या आत आई म्हणाली की पाळणाघर, आणि गुडघ्याच्या वेळी हा पोरगाच सांभाळत होता, फार जीव लावतात लेकरं ह्याला. आईला वाटलं ती माझी स्तुती करते आहे. काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मुलीनं फक्त माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. आठवडाभरानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती.

मग आलं गॅदरिंग. तिसरीचं इंग्रजी नाटुकलं होतं, निसर्गावर. त्या मुलाला सूर्य केलं होतं, कारण सूर्याला फक्त तीन वाक्यं होती आणि ड्रेस त्याच्याच मापाचा होता. ती तीन वाक्यं त्याच्याकडून पाठ होईनात. मॅडमनी तोडगा काढला की मी पुठ्ठ्याच्या झाडामागे बसून हळूच एकेक शब्द सांगायचा आणि त्यानं तो माईकमध्ये बोलायचा. अशा प्रकारे मी डी.एड. आणि पात्रता परीक्षा घेऊन झाडामागे उकिडवा बसलो. टाय होताच.

सूर्य स्टेजवर आला. मी म्हटलं, "आय ॲम द सन." तो गप्प. मी पुन्हा म्हटलं. समोर ढोल-ताशा पथकातली पोरं, खुर्च्यांचा आवाज, रडणारी लहान भावंडं. त्यानं मान वळवली, सरळ झाडाकडे पाहिलं आणि माईकवरच म्हणाला, "सर, जोरात सांगा ना. मले आयकू नाई येऊन राह्यलं."

मंडपभर हशा पिकला. मला वाटलं आता हे पोरगं रडतं आणि पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. पण तोही हसला. लोक आपल्याकडे बघून हसताहेत ही गोष्ट त्याला बहुधा आवडली. मग तो पुढे वळला आणि स्वतःच सुरू झाला. "मी सूर्य आहो. मी सकायी निंगतो. मंग तुमी उठता आन् वावरात जाता. मी नाई निंगालो तं तुमी झोपूनच राहान."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगांतून शिट्ट्याही आल्या. मी झाडामागे होतो म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही, ते बरं झालं.

सोमवारी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. आमच्या इंग्रजी शाळेत सूर्य मराठीतून उगवला होता, तेही वऱ्हाडीतून, आणि हा गंभीर प्रकार होता. पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू होणार होते. त्यांनी मला विचारलं की वर्षभर मी त्या मुलासोबत नेमकं काय केलं. मी म्हटलं, तो बोलला ना. त्या म्हणाल्या, "सर, प्रश्न तो नाही."

त्याच दिवशी शाळा सुटताना त्या मुलाची आई गेटपाशी उभी होती. डोक्यावरून पदर, हातात त्याची बाटली. माझ्याशी ती पहिल्यांदाच बोलत होती. म्हणाली, "घरी तं लय बोलते सर हा. शायेत तोंड नाई उघडत म्हून त्याच्या बाबानं त्याले किती मारलं. आता त्यायनंच गावभर व्हिडिओ दाखवला." एवढं बोलून तिनं बाटली मुलाच्या गळ्यात अडकवली. मग मुलाला घेऊन गेली. मी ऑटोत बसलो, स्टेशनवर आलो, पॅसेंजरची वाट पाहत बसलो. मला आनंद झाला होता आणि राग आला होता, आणि दोन्ही एकाच गोष्टीचे होते.

शाळेनं मला काढलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट वर्ष संपताना बढती देऊ केली. जूनपासून मी 'सिनियर असिस्टंट' होणार होतो. शाळेत असिस्टंट आम्ही दोघंच होतो, त्यामुळे मी जगात एका माणसाहून सिनियर झालो असतो. जोडीला बसवर ड्यूटी आणि गॅदरिंगपासून कायमची सुट्टी.

त्याच आठवड्यात मला पुलगावच्या भाजीबाजारात ती बँकवाली बाई भेटली. मुलगी तिच्या बोटाला, पायात चपला. ती म्हणाली, "तुमच्या आई जूनपासून बंद करताहेत म्हणे. मग आम्ही काय करायचं?"

मला हे माहीतच नव्हतं. आईनं सगळ्या आईबापांना सांगितलं होतं, घरात सोडून. कारणही त्या बँकवालीकडूनच कळलं. आई खुर्चीवर बसलेली असताना एक लेकरू उघड्या दारातून थेट रस्त्याकडे धावलं. आईला उठता आलं नाही. मावशीनं स्वयंपाकघरातून धावत येऊन त्याला गेटपाशी पकडलं. झालं काहीच नव्हतं. पण त्या रात्री आईनं ठरवलं.

मग बँकवाली म्हणाली, "तुम्ही का नाही बघत?"

हीच ती बाई, हे माझ्या मनात आलं आणि ते माझ्या तोंडावर दिसलंही असणार. ती जरा लाल झाली, पण डोळे वळवले नाहीत. म्हणाली, "मी तेव्हाही चुकीचं केलं नव्हतं. आताही करत नाहीये." मला ते पटलं. कोथिंबीर घेऊन मी घरी आलो.

शाळा सोडून पाळणाघर मी बघतो, असं मी घरी म्हटलं आणि मोठी बैठक झाली. मामा रोहण्याहून खास आला, कारण माझं आयुष्य त्यानं घडवलं होतं आणि दुरुस्तीची जबाबदारीही त्याचीच होती. तो म्हणाला की लेकरं वागवनं बायायचं काम आहे, तुले कोन पोरगी देईन. मी म्हटलं, टाय लावून तरी कुठं दिली. बाबा म्हणाले की भरती निघेलच कधीतरी, शाळेतला अनुभव कामी येईल. भरती खरंच निघालीही अधूनमधून, पण ती आमच्या गल्लीत कधी शिरली नाही. दोघांनी मिळून मला तासभर समजावलं की शाळा म्हणजे करिअर आणि पाळणाघर म्हणजे पोरं. शाळेतही पोरंच असतात, असं म्हणायचा मला मोह झाला, पण मामा मास्तर होता, त्याला वाईट वाटलं असतं.

मला अडचण आईची वाटली. ती माझ्या बाजूनं असेल असं मी धरून चाललो होतो. ती म्हणाली, "मी माझे गुडघे घालवले याच्यात. तू काय घालवशीन, ते पयले सांग."

मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, "शायेत सुट्टी असते, रविवार असते. इथं लेकराले ताप आला तं त्याची माय तुलेच विचारते का काऊन आला. कोनी पडलं तं तू पाडलं. आन् मोठं झालं का ते तुले रस्त्यानं वयखत नाई. मी वीस वर्सं काढली, मले माहीत आहे." ती रागावली नव्हती. एखाद्या गिऱ्हाइकाला मालाची खोट आधीच सांगून टाकावी, तसं सांगत होती.

मी दोन दिवस विचार केला, असं सांगायला आवडेल. खरं तर मला शाळेतलंही काही सोडवत नव्हतं. तिसरीतल्या पोरांशी गप्पा होतात, त्यांना विनोद कळतो, ती तुम्हाला खोटं बोलून फसवतात. अडीच वर्षांच्या लेकराशी तुम्ही दिवसभर बोललात तरी संध्याकाळी तुमच्या डोक्यात फक्त 'मामी, सू' एवढंच वाजत असतं. आणि मला मामी म्हणत, कारण आईला मामी म्हणत. पण शाळेत मला कुणाच्या तरी मागे उभं राहायचं होतं. भिंतीच्या पुढे, मॅडमच्या मागे, झाडाच्या आड. एखादं पोरगं बोललं तर ते बोलू नये असं बोललं म्हणून मलाच जाब. इथं पुढे उभं राहायला दुसरं कुणीच नव्हतं. चुकलं तर माझं, आणि जमलं तर लेकराचं. मला हे बरं वाटलं. फार थोर कारण नाही.

प्रिन्सिपल मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. तुमची गुणवत्ता तिथं वाया जाईल, असं म्हणाल्या. मग टाय परत मागितला.

आता हे काम शिकलं पाहिजे म्हणून मी बालसंगोपनाचा एक कोर्स लावला. दर रविवारी वर्ध्याला. वर्गात मी सोडून सगळ्या बायका. शिकवणाऱ्या बाई सुरुवातीलाच 'भगिनींनो' म्हणायच्या, मग मी दिसलो की थांबून 'आणि इतर' अशी भर घालायच्या. वर्षभर मी 'इतर' होतो. प्रमाणपत्र आलं ते नावाआधी 'श्रीमती' छापून. मी ते दुरुस्त करून घेतलं नाही. बाबांनी ते कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवलं. पण तेही काही अगदी पाषाणहृदयी नाहीत. हल्ली लोकांना सांगताना त्यांनी नवा शब्द शोधला आहे, की मुलगा घरूनच काम करतो. पुण्यातल्या कॉम्प्युटरवाल्यांमुळे ह्या शब्दाला फार इज्जत आली आहे. कुणी पुढचं विचारत नाही.

आई आता सल्लागार आहे. मागच्या खोलीतून काठी आपटून सल्ला देते. लग्नाचं अजून जमलेलं नाही, मामाचे प्रयत्न चालू आहेत. गेटला आत आणि बाहेर दोन कड्या बसवल्या. दार उघडंच असतं.

मागच्या महिन्यात डेपोतला एक जवान नवीन मुलीला घेऊन आला. उंच, मिशीवाला, उत्तरेकडचा. आतमध्ये बघून म्हणाला, "मॅडम कहाँ हैं?" मी म्हटलं, मीच आहे. तो माझ्याकडे आणि मग मावशीकडे बघत राहिला. मावशीनं आता तोंडाला पदर लावणं सोडलं आहे, तिनं नुसती मान हलवली. त्यानं मुलीला खाली ठेवलं आणि निघाला. गेटपर्यंत जाऊन परत आला, काहीतरी विसरल्यासारखा. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला हिंदीतून सांगितलं की तुम्ही गेल्याशिवाय ती रडायला सुरुवात करणार नाही, आणि रडल्याशिवाय ती थांबणार नाही, तर कृपा करून जा. तो गेला. तिनं भोकाड पसरलं. मी तिला उचलून खिडकीपाशी नेलं, रस्त्यावरची शेळी दाखवली. तिनं शेळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

संध्याकाळी तिचा बाप न्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, कशी राहिली. मी म्हटलं, चांगली राहिली, दात व्यवस्थित आले आहेत, खालचे सगळे आहेत.